चष्म्याचा नंबर म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे

मराठीत 'चाळिशी' हा शब्द वयालाही आहे आणि चष्म्यालाही. वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते, सुईत दोरा ओवायला घरातल्या मुलाला हाक मारावी लागते, तेव्हा माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. तिथे यंत्रावर नंबर निघतो, समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतली जातात, फ्रेम पसंत होते आणि घरी आल्यावर आपण सांगतो, 'डोळे तपासून आलो.' माझे म्हणणे असे आहे की, हे डोळे तपासणे नव्हे. ही फक्त मधल्या नजरेची परीक्षा झाली. गेलेली दृष्टी कधीच परत न देणारा काचबिंदू हा आजार या परीक्षेत सापडत नाही. खरे तर तो शोधायला चाळिशीइतकी सोयीची वेळ नाही, कारण त्या वयात माणूस कुणी न सांगता, आपल्या पायांनी डोळे दाखवायला आलेला असतो. ती संधी आपण रोज हजारो वेळा वाया घालवतो.

सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात पंचवीसहून अधिक वर्षे काम करताना एक संवाद मी किती वेळा ऐकला असेल, याची मोजदाद नाही. साठीचे गृहस्थ समोर बसतात. एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने थोडेफार दिसते. 'साहेब, मोतीबिंदू पिकलाय, आता काढून टाका,' असे ते म्हणतात. तपासल्यावर कळते की मोतीबिंदू किरकोळ आहे, डोळ्याची नस मात्र सुकून गेली आहे. 'मग ऑपरेशन करा की!' या पुढच्या वाक्याला काय उत्तर द्यायचे? त्यांनी वाट पाहण्यात घालवलेली पाच-सात वर्षे कोणत्याही शस्त्रक्रियेने परत आणता येत नाहीत.

डोळ्यात नेमके काय बिघडते?

आपला डोळा आतून कोरडा नसतो. बुबुळाच्या मागे एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. तो बाहुलीतून पुढे येतो, डोळ्याच्या पुढच्या भागाचे पोषण करतो आणि पारदर्शक पटल व बुबुळ जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातो. हे अश्रू नव्हेत. अश्रू बाहेरचे, हा द्रव आतला. जितका तयार होतो तितका वाहून गेला की डोळ्यातला दाब ठीक राहतो. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो. त्याचा रक्तदाबाशी थेट हिशेब लावता येत नाही. 'माझे बीपी नॉर्मल आहे' म्हणून डोळ्यातला दाबही नॉर्मल असेल, असे समजू नये.

घरातल्या मोरीची जाळी आठवा. जाळीत हळूहळू केर साठत गेला तर पाणी तुंबते, पण ते एका दिवसात लक्षात येत नाही. काचबिंदूच्या सर्वसाधारण प्रकारात असेच होते. कोन उघडा असतो, पण जाळी नीट काम करत नाही आणि दाब वर्षानुवर्षे संथपणे वाढलेला राहतो. दुसऱ्या प्रकारात मोरीच्या तोंडावर फडके येऊन बसावे तसे बुबुळ पुढे सरकून कोनच बंद करते. हे कधी हळूहळू होते, तर कधी अचानक.

या दाबाचा मार बसतो तो डोळ्याच्या मागच्या नसेवर. या नसेत सुमारे १० ते १२ लाख सूक्ष्म धागे असतात आणि पडद्यावर उमटलेले चित्र तेच मेंदूपर्यंत नेतात. नस डोळ्यातून जिथे बाहेर पडते तिथे एक गोल तबकडी दिसते. तिच्या मध्यभागी लहानसा खळगा असतो. धागे मरू लागले की हा खळगा मोठा होत जातो. मेलेले धागे पुन्हा उगवत नाहीत. आजच्या वैद्यकाकडे त्यावर उपाय नाही. म्हणून काचबिंदूचे सगळे उपचार उरलेले धागे वाचवण्यासाठी असतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दाब हे काचबिंदूचे सर्वांत मोठे कारण आहे, पण दाब म्हणजेच काचबिंदू नव्हे. काहींचा दाब जास्त असूनही नस वर्षानुवर्षे शाबूत राहते. काहींची नस २१च्या आतल्या दाबानेही झिजते. दाब दिवसभरात कमी-जास्तही होतो. त्यामुळे शिबिरात एकदा हवेचा झोत मारून दाब मोजला आणि 'नॉर्मल' लिहून दिले, तर त्यावर निर्धास्त होता येत नाही. एकाच वेळच्या मोजणीत काचबिंदूच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा दाब मर्यादेत निघू शकतो. नस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

रुग्णाला कळत कसे नाही?

काचबिंदूची माहिती देणाऱ्या भित्तिपत्रकांवर नेहमी एक चित्र असते. मधोमध स्वच्छ दिसते आणि भोवती काळेकुट्ट कडे, जणू बोगद्यातून पाहतो आहोत. हे चित्र मला घातक वाटते. लोक ते काळे कडे दिसण्याची वाट पाहतात, आणि प्रत्यक्षात ते कुणालाच दिसत नाही. बाजूची नजर जाते तेव्हा तिथे अंधार होत नाही. मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून ती जागा भरून काढतो. शिवाय एका डोळ्यात जी जागा रिकामी असते ती दुसरा डोळा सांभाळून घेतो. त्यामुळे रस्ता पूर्ण दिसतो, फक्त त्या रस्त्यावर बाजूने येणारी सायकल दिसत नाही. ती अगदी अंगावर आल्यावर 'अचानक' दिसते.

काचबिंदू असलेल्या माणसांना बारकाईने विचारले तर अशाच गोष्टी कळतात. जिन्याची शेवटची पायरी चुकते. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. वाढताना ताटाशेजारचा पेला सांडतो. रात्री दुचाकी चालवायची हिंमत होत नाही. घरातले म्हणतात, 'लक्ष कुठे असतं तुमचं?' वयोमान म्हणून सगळे सोडून देतात. आणि मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहत असल्याने तो माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधडा वाचून दाखवतो.

हा विरोधाभास किती टोकाचा असू शकतो ते आपल्या कायद्यातही दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दृष्टीचे क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी उरले असेल तर ती व्यक्ती अंध गणली जाते, मग अक्षरे कितीही बारीक वाचता येवोत. म्हणजे चष्म्याच्या दुकानातली परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होणारा माणूस कायद्याने अंध असू शकतो. नंबर काढणे आणि डोळे तपासणे यांत किती अंतर आहे, ते सांगायला आणखी काय हवे?

नावातला घोटाळा

मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन जोडनावांनी मोठे नुकसान केले आहे. दोन्ही 'बिंदू', तेव्हा दोन्ही सारखेच, दोन्ही म्हातारपणी येणारे आणि दोन्ही ऑपरेशनने जाणारे, असा समज घरोघर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की दृष्टी परत येते. काचबिंदूत भिंग नव्हे, नस बिघडते. पहिल्यात उशीर झाला तरी सहसा निभावते, दुसऱ्यात झालेला उशीर कायमचा असतो.

त्यात 'पिकू द्या' या जुन्या सल्ल्याची भर. एकेकाळच्या शस्त्रक्रियेच्या तंत्रात मोतीबिंदू पूर्ण पिकण्याची वाट पाहावी लागे. आता लागत नाही. उलट अतिपिकलेले भिंग फुगून किंवा त्यातले पदार्थ बाहेर झिरपून डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो, आणि साध्या मोतीबिंदूपोटी काचबिंदू उभा राहतो. म्हणून 'दिसत नाही, पण मोतीबिंदूच असेल, पिकेपर्यंत थांबू' हा निर्णय घरच्या घरी घेऊ नये. धूसर दिसण्याचे कारण काय, ते आधी एकदा डॉक्टरांकडून पक्के करून घ्यावे.

मोजले जाते तेच होते

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत या देशाने, आणि महाराष्ट्राने, जे काम केले ते अभिमानाचे आहे. त्यात माझ्यासारख्या अनेक सरकारी डॉक्टरांचे आयुष्य गेले. मोतीबिंदूला प्राधान्य देणे योग्यच होते. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचे कारण ६६ टक्के प्रकरणांत मोतीबिंदू होते आणि सुमारे साडेपाच टक्के प्रकरणांत काचबिंदू. आकडे पाहून कुणीही म्हणेल, मग काचबिंदूची एवढी ओरड कशाला?

कारण हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. मोतीबिंदूने अंध झालेला माणूस उद्या दिसता होऊ शकतो. काचबिंदूच्या साडेपाच टक्क्यांतला एकही माणूस पुन्हा दिसता होणार नाही. तिथे एकच गोष्ट हातात असते, ती म्हणजे अंधत्वापूर्वी गाठणे. आणि त्यात आपण किती मागे आहोत? तमिळनाडूच्या ग्रामीण भागात आणि हैदराबाद शहरात झालेल्या पाहण्यांमध्ये उघड्या कोनाचा काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे, हेच माहीत नव्हते. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे एक कोटी लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज आहे. बहुतेक जण आजही नेहमीसारखे कामावर जात असतील, गाडी चालवत असतील.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदांवर काचबिंदूही आहे. पण महिन्याच्या बैठकीत जिल्हा रुग्णालयाला पहिला प्रश्न येतो तो शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टाचा. मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया म्हणजे एक आकडा, एक छायाचित्र, हिरवी पट्टी सोडल्यावरचे एक हसू. काचबिंदूच्या रुग्णावर दहा वर्षे यशस्वी उपचार केले तर काय दिसते? काहीच नाही. त्याची नजर होती तशीच राहते. न गेलेली दृष्टी कुठल्याच रकान्यात भरता येत नाही, आणि जे रकान्यात बसत नाही त्यासाठी यंत्र, माणूस आणि औषध मिळवणे अवघड जाते. आमची अडचण डॉक्टरांच्या इच्छेपेक्षा या मोजमापात जास्त आहे.

काय करता येईल?

गावोगाव काचबिंदूची सरसकट शिबिरे घ्या, असे मी म्हणत नाही. नुसता दाब मोजणाऱ्या शिबिरांत खरे रुग्ण निसटतात आणि निरोगी माणसे घाबरून रुग्णालयात रांगा लावतात. माझी सूचना साधी आहे. चाळिशीनंतर जो माणूस कुठल्याही कारणाने डोळे दाखवायला येईल, मग ते चष्म्यासाठी असो, मोतीबिंदूसाठी असो की डोळ्यात कचरा गेला म्हणून असो, त्याच्या दोन्ही नसा एकदा पाहिल्या जाव्यात, डोळ्यातला दाब मोजला जावा आणि घरात कुणाला काचबिंदू आहे का, हा प्रश्न विचारला जावा. एवढ्याला रुग्णामागे काही मिनिटे लागतात.

यावर आक्षेप येतो तो गर्दीचा. एका सकाळी शे-दीडशे केसपेपर आणि दोन डॉक्टर. नसा कधी पाहायच्या? आक्षेप खरा आहे, म्हणूनच हे काम फक्त डॉक्टरांवर टाकू नये. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना आणि ऑप्टोमेट्रिस्टना प्रशिक्षण दिले, हातात धरायचा कॅमेरा दिला, तर नसेचे छायाचित्र जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून तज्ज्ञाला पाहता येते. ज्या उपकरणाने नस दिसते ते ऑफ्थॅल्मोस्कोप १८५१ पासून वैद्यकाच्या हातात आहे, तेव्हा तंत्रज्ञान नाही ही सबब चालणार नाही. चष्म्याच्या दुकानदारांनीही चाळिशीपुढच्या ग्राहकाला 'एकदा नेत्रतज्ज्ञाला दाखवा' एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल.

संशय आला तर पुढच्या तपासण्या लागतात: दुर्बिणीखाली कोन पाहणे, पटलाची जाडी मोजणे, दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि नसेच्या धाग्यांची जाडी दाखवणारे ओसीटी. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत यंत्रासमोर बसून लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचे असते. कंटाळवाणी असते, पण बाजूची नजर किती गेली ते तीच सांगते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे यंत्र चालू स्थितीत आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस असलाच पाहिजे.

सर्वांत आधी कुणी यावे? ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, त्यांनी. त्यांचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला मी सांगतो, 'पुढच्या वेळी येताना भावाला आणि बहिणीला घेऊन या.' जास्त मायनस नंबर असलेले, डोळ्याला जुनी मोठी इजा झालेले आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांनीही थांबू नये.

स्टिरॉइडबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. उन्हाळ्यात मुलांचे डोळे लाल होतात, खाजतात. एकदा डॉक्टरांनी दिलेला थेंब घातला की दोन दिवसांत बरे वाटते. मग तीच बाटली दाखवून औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणली जाते, कधी वर्षभर. त्यात स्टिरॉइड असेल तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि खाज गेली म्हणून सगळे समाधानी असताना दहा-बारा वर्षांच्या मुलाची नस झिजत राहते. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. तो नियम पाळला गेला तर काचबिंदूचा हा प्रकार जवळपास पूर्ण टळेल.

आणि एक प्रकार असा की ज्यात तासांचा हिशेब असतो. कोन अचानक बंद झाला की डोळा लालभडक होतो, कपाळ ठणकते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, नजर धूसर होते आणि उलट्या सुरू होतात. उलट्या पाहून हे पित्त आहे, अर्धशिशी आहे असे समजून सुंठ-साखर आणि गोळ्या दिल्या जातात. डोकेदुखी आणि उलटीसोबत डोळा लाल झाला असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लहान बाळांचे डोळे नेहमीपेक्षा मोठे दिसणे, सतत पाणी येणे, उजेड सहन न होणे हीसुद्धा तातडीने दाखवण्याची लक्षणे आहेत. 'किती टपोरे डोळे' असे कौतुक करण्याआधी एकदा खात्री करावी.

रोजच्या एका थेंबाची किंमत

निदान झाले म्हणजे सगळे संपले असे नाही. वेळेत उपचार सुरू झालेले बहुतेक रुग्ण आयुष्यभर स्वतःच्या नजरेने चालतात-वाचतात. दाब कमी केल्याचा फायदा होतो याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत १,६०० हून अधिक लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाब जास्त पण नस शाबूत अशा लोकांना थेंब दिल्यावर पाच वर्षांत काचबिंदू होण्याचे प्रमाण ९.५ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर आले. थेंब, लेझर आणि शस्त्रक्रिया असे तीन मार्ग आहेत. कोन अरुंद असेल तर बुबुळाला लेझरने बारीक छिद्र पाडण्याचे काम काही मिनिटांत होते.

अडचण येते ती थेंबांच्या नियमितपणात. थेंब घातल्याने काही चांगले दिसत नाही आणि बंद केल्याने लगेच काही वाईट दिसत नाही. मग बाटली संपते, बाजाराचा दिवस निघून जातो, पेरणी येते आणि सहा महिने कुणी थेंब घातलेलाच नसतो. रुग्णाला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण ज्याला एका बाटलीसाठी मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला यायचे आणि 'साठा संपला, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकायचे, त्याने किती वेळा यावे? विमा योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च उचलतात. रोजच्या थेंबांचा खर्च खिशातून होतो. काचबिंदूच्या रुग्णाला तीन महिन्यांच्या सीलबंद बाटल्या एकदम, फुकट आणि घराजवळच्या केंद्रातून मिळाल्या पाहिजेत. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या मिळू शकतात, तर हे थेंब का नाहीत? आणि जिल्ह्याच्या अहवालात शस्त्रक्रियांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: काचबिंदूचे किती रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले किती वर्षभरानंतरही उपचारांवर आहेत.

रुग्णांनी एवढे सांभाळावे. एका वेळी एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही थेंबांनी धाप वाढते. डोळा लाल होतो, चुरचुरतो म्हणून परस्पर औषध बंद करू नये. ते बदलून मिळते.

सरकारने रकाना वाढवायला वेळ लागेल. वाचकांना मात्र उद्यापासून एक गोष्ट करता येईल. पुढच्या वेळी डोळे दाखवायला जाल तेव्हा नंबर मिळाला म्हणून उठू नका. समोरच्या डॉक्टरांना विचारा, 'डोळ्यामागची नस पाहिलीत का? दाब किती आहे?' हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. उत्तर आपल्या कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर भावंडांना एक फोन करा.